फिनचा पट्टा बदलताना अक्षर नव्हे, माप पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत स्कूबा डायव्हिंगच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहण्याच्या, साहित्याविषयी अलीकडेच प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. मास्क चेहऱ्यावर कसा पारखावा, टाकीतली हवा श्वासासाठी पुरवणाऱ्या रेग्युलेटरची देखभाल वेळच्या वेळी का करून घ्यावी, अंगात ऊब राखणारा वेटसूट हा पोशाख किती जाडीचा असावा, हे सारे त्यात नेमकेपणाने आले होते. फिन्सविषयी, म्हणजे पोहताना पायांत घालायच्या रुंद पात्यांविषयी, मात्र ‘पायाला नीट बसतील अशा घ्याव्यात’ एवढे एकच वाक्य होते, आणि ज्याच्या आधाराने त्या पायाला बसतात, त्या टाचेमागच्या पट्ट्याचा उल्लेखही नव्हता. याचा दोष मी लेखकाला देत नाही, कारण डायव्हिंग शिकवणारेही बहुतेक वेळा याहून पुढे जात नाहीत. मी बरीच वर्षे हौसेने डायव्हिंग करते आहे आणि सोबत्यांच्या साहित्याची किरकोळ दुरुस्तीही करून देते. त्या अनुभवातून सांगते, की उघड्या टाचेच्या फिन्समध्ये सगळ्यात आधी दगा देतो तो हा पट्टा, आणि नवा पट्टा घेताना जी चूक होते ती जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते. म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या बाबतीत घडले ते असे. बोटीच्या कडेला बसून फिन चढवताना उजव्या पायाचा रबरी पट्टा बकलजवळ तुटला. बोटीवरच्या सुट्या सामानाच्या डब्यात रबराऐवजी धातूची स्प्रिंग असलेले दोन पट्टे होते आणि त्यांच्यावर माझ्या फिन्सवर असते तेच ‘एम’ हे अक्षर होते. त्यांतला एक मी लावला, ओढून पाहिला, बसला असे वाटले आणि पाण्यात उतरले. साधारण बारा मीटर खोलीवर प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला वळताना जोराने पाय मारला, तेव्हा पट्ट्याच्या टोकाचे भोक फिनच्या खुंटीवरून, म्हणजे पट्टा अडकवण्यासाठी फिनच्या कडेला असलेल्या उंचवट्यावरून, सटकले. पट्टा दुसऱ्या खुंटीला लोंबकळत राहिला आणि जड रबराची ती फिन पायातून निसटून तळाकडे गेली. एकाच पायात फिन असली की प्रत्येक फटक्यासरशी शरीर एका बाजूला वळते, ते सरळ ठेवण्यात दम लागतो आणि टाकीतली हवा भराभर संपू लागते. माझ्या बडीने, म्हणजे पाण्याखालच्या जोडीदाराने, मला धरून सावकाश वर आणले आणि शिडीपर्यंत पोचवले. इजा कोणालाही झाली नाही. नंतर बोटीवर मोजून पाहिले, तर पट्ट्याचे भोक माझ्या फिनच्या खुंटीपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटरने मोठे होते. अक्षर जुळले होते, पण माप जुळले नव्हते.

माझे सारे म्हणणे या दोन मिलिमीटरमध्येच आहे. पट्ट्यावर छापलेले ‘एस’, ‘एम’, ‘एल’ हे त्या त्या उत्पादकाच्या स्वतःच्या फिन्सच्या संदर्भातले असते. एका कंपनीचा मध्यम आकार दुसरीच्या मोठ्या आकाराएवढा निघू शकतो. सगळ्या फिन्सच्या खुंट्याही सारख्या नसतात. काहींच्या खुंट्या गोल आणि टोकाला जाड असतात, काहींवर पट्ट्याचे टोक फिरवून अडकवावे लागते, तर काहींमध्ये बकलच फिनच्या कडेला कायमचे बसवलेले असते. त्यामुळे ‘सर्व फिन्सना चालेल’ असे वेष्टनावर छापलेले असले, तरी स्वतःच्या फिनच्या खुंटीवर पट्टा बसवून, तो सगळ्या बाजूंना हिसडून पाहिल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवू नये. घट्ट बसलेला पट्टा खुंटीवर सहज फिरला पाहिजे, पण बोटाने बाहेरच्या दिशेने ढकलला तर निघता कामा नये.

लांबी मोजण्याची रीत साधी आहे, पण ती पाळणारे थोडे. नेहमी वापरतो तो निओप्रीनचा बूट पायात घालावा, पाऊल फिनच्या कप्प्यात पूर्णपणे आत सारावे आणि मग एका खुंटीपासून टाचेच्या मागून दुसऱ्या खुंटीपर्यंत शिवणकामाची मोजपट्टी फिरवून अंतर घ्यावे. अनवाणी पायाने घेतलेले माप निरुपयोगी ठरते. बुटाची जाडी तीन मिलिमीटर आहे की सात, यावर हे अंतर बरेच बदलते आणि ड्रायसूटवर, म्हणजे आत पाणी येऊ न देणाऱ्या पोशाखावर, घालायचे बूट तर याहूनही फुगीर असतात. दोन प्रकारचे बूट वापरणाऱ्याने दोन्हींची मापे घ्यावीत आणि फरक जास्त असेल तर पट्ट्यांच्या दोन वेगळ्या जोड्या ठेवाव्यात. जुना पट्टा काढून त्याच्या लांबीचा नवा आणणे हा अनेकांना सोपा वाटणारा मार्ग मात्र फसवा आहे, कारण वर्षानुवर्षे ताणलेले रबर मूळ लांबीवर परत येत नाही. जुन्या पट्ट्यावरून उचलण्यासारखी मापे वेगळी आहेत: त्याची रुंदी, त्याची जाडी आणि त्यावरच्या दात्यांमधले अंतर. बकलमधली खिट्टी या दात्यांत अडकून पट्टा धरून ठेवते. दात्यांचे अंतर किंवा जाडी थोडी जरी वेगळी असली तरी पट्टा जमिनीवर घट्ट वाटतो आणि पाण्यात पायाचा जोर लागताच एकेक दाता सरकत सैल होतो. मी हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण ही खूण हातात धरलेल्या पट्ट्यावर दिसत नाही, ती बकलमधून ओवून ओढल्यावरच कळते.

पट्टा मुळात तुटतो का, हेही लेखात यायला हवे होते. नैसर्गिक रबराच्या लांब रेणूंमध्ये दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांवर हल्ला करतो. रबर ताणलेले असेल तर ही तोडफोड अधिक वेगाने होते आणि ताणाच्या आडव्या दिशेने बारीक चिरा पडत जातात. ऊन आणि उष्णता त्यात भर घालतात. बोटीच्या इंजिनातले तेल, इंधन, अंगाला लावलेली तेलकट मलमे यांनी रबर फुगते आणि मऊ पडते. म्हणूनच पट्टा बहुधा मधोमध तुटत नाही; तो बकलमध्ये जिथे वाकतो आणि दाबला जातो तिथे, नाहीतर खुंटीच्या भोकाजवळ तुटतो. तपासताना पट्टा नुसता पाहून उपयोग नाही. त्या दोन ठिकाणी तो बोटांनी उलटा वाकवावा. पृष्ठभागावर आडव्या रेघा उमटल्या, पांढुरकी भुकटी दिसली किंवा रबर बोटाला चिकटले, तर तो पट्टा त्याच दिवशी बदलावा. आणखी एक डायव्ह निघेल, असा हिशेब करू नये.

रबर म्हणून जे विकले जाते ते सगळे एकाच जातीचे नसते, हेही लक्षात ठेवावे. निओप्रीन या नावाने ओळखले जाणारे क्लोरोप्रीन रबर ओझोनला नैसर्गिक रबरापेक्षा चांगले तोंड देते. सिलिकॉनवर ओझोनचा आणि उन्हाचा परिणाम फारच कमी होतो, म्हणून त्याचे पट्टे वर्षानुवर्षे नव्यासारखे दिसतात, परंतु सिलिकॉन फाटण्याला कमी विरोध करते. कडेला एखादी बारीकशी खाच पडली तरी ती ताणाखाली झरझर वाढत जाते. तेव्हा सिलिकॉनचा पट्टा निवडणाऱ्याने चिरांपेक्षा खाचांवर लक्ष ठेवावे आणि धारदार खडकांजवळ डायव्ह झाल्यावर कडा बोटाने चाचपून पाहाव्यात.

आता स्प्रिंगच्या पट्ट्याविषयी, कारण बहुतेकांचा कल आज त्याकडे आहे आणि माझाही आहे. त्याचा खरा फायदा फिन घालण्या-काढण्याच्या सोयीत आहे असे समजले जाते. ती सोय आहेच. मागचा फासा एका बोटाने ओढला की फिन चढते, आणि हात गारठलेले असोत वा जाड मोज्यात असोत, बकलशी झटापट करावी लागत नाही. पण त्याहून मोठा फायदा पाण्याखाली आहे. निओप्रीनच्या बुटात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे बंद असतात. पृष्ठभागावर एक वातावरण असलेला दाब दहा मीटरवर दुप्पट आणि तीस मीटरवर चौपट होतो, आणि त्या दाबाखाली बूट दबून पातळ होतो. बोटीवर अगदी बेताने आवळलेला रबरी पट्टा त्यामुळे खाली गेल्यावर सैल पडतो, फिन पायात डुलू लागते आणि फटक्याचा जोर वाया जातो. अनेक नवशिके यावर उपाय म्हणून वरच पट्टा करकचून आवळतात आणि मग पोटऱ्यांत गोळे येतात, बोटे बधिर होतात. स्प्रिंग मात्र ताणलेली असल्यामुळे बूट जसा आक्रसतो तशी तीही आक्रसत जाते आणि वर येताना पुन्हा लांबते. दाबाचा हा खेळ समजला की पट्ट्याची निवड ही केवळ सोयीची बाब राहत नाही.

याच कारणामुळे स्प्रिंगच्या पट्ट्याचे माप रबरी पट्ट्यापेक्षा कितीतरी काटेकोर लागते. रबरी पट्टा थोडा लांब असला तर बकलमध्ये आवळता येतो, पण बहुतेक स्प्रिंगच्या पट्ट्यांना तशी सोय नसते. काहींच्या टोकाला दोन-तीन भोके असतात आणि तेवढाच काय तो वाव. पट्टा लांब असेल तर स्प्रिंग ताणलीच जात नाही आणि तिचा सारा उपयोग संपतो. आखूड असेल तर टाचेवर आणि पायाच्या वरच्या उंचवट्यावर सतत दाब राहतो. माझी कसोटी अशी आहे: बूट आणि फिन घालून पाच-दहा मिनिटे बसावे. फासा एका बोटाने थोडा जोर लावून टाचेपासून दूर ओढता आला, सोडल्यावर तो जागच्या जागी बसला आणि तेवढ्या वेळात बोटांना मुंग्या आल्या नाहीत, तर माप बरोबर आहे. बुटाच्या टाचेमागे पट्टा घसरू नये म्हणून एक आडवी कड असते. पट्टा त्या कडेशी टेकून बसला पाहिजे. तो वर घोट्यामागच्या शिरेवर चढत असेल, तर लांबी चुकली आहे किंवा खुंट्यांची जागा त्या पट्ट्याला मानवत नाही असे समजावे.

धातूविषयी विक्रेत्याला आवर्जून विचारावे. ‘स्टेनलेस’ एवढे उत्तर पुरेसे नाही. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड साध्या ३०४ प्रतीच्या पोलादालाही टोचून खड्डे पाडते. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम मिसळलेले असते आणि त्यामुळे ते या माऱ्याला अधिक टिकाव धरते. तरीही ते अमर नाही. काही पट्ट्यांत स्प्रिंगवर रबराची नळी किंवा कापडी आवरण असते. त्याने घोटा खरचटत नाही हे खरे, परंतु आत अडकलेले खारे पाणी सुकून मीठ साचते आणि जिथे हवा खेळत नाही अशा सांदीतच गंज धरतो. असे आवरण असलेला पट्टा घेताना ते मागे सारून आत गोडे पाणी सोडता येते का, हे मी आधी पाहते. जिथे ते शक्य नाही, तो पट्टा दिसायला कितीही नेटका असला तरी मी घेत नाही.

वजनाचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. स्प्रिंगचा पट्टा रबरी पट्ट्यापेक्षा जड असतो आणि हे वजन शरीराच्या अगदी टोकाला, पायाशी पडते. ड्रायसूटमध्ये हवा पायांकडे सरकून पाय वर तरंगतात, त्यांना हे वजन उपकारक ठरते. ज्यांचे पाय आधीच खाली जातात आणि शरीर पाण्यात तिरके राहते, त्यांना तेच वजन आणखी खाली ओढते. अशांसाठी बंजीच्या, म्हणजे कापडी आवरणातल्या ताणणाऱ्या रबरी, दोरीचा पट्टा योग्य आहे. तोही स्वतःहून आक्रसतो, त्यात धातू नसतो आणि प्रवासाच्या सामानात तो हलका पडतो. त्याच्या आतले रबरी धागे मात्र आवरणामुळे दिसत नाहीत, म्हणून ओढल्यावर पूर्वीसारखी ताकद लागत नाही असे जाणवले की तो बदलावा.

एवढे लिहिल्यावर रबरी पट्टा टाकाऊ ठरवला असे कोणी समजू नये. एकच फिन अनेक वेगवेगळ्या पायांना घालायची असते, तिथे म्हणजे प्रशिक्षणवर्गात किंवा भाड्याच्या साहित्यात, आवळता-सोडता येणारा रबरी पट्टाच योग्य आहे. तो वापरताना बकलमध्ये वाळूचे कण अडकलेले नाहीत ना, खिट्टीचे टोक झिजलेले नाही ना, हे पाहावे. पट्ट्याचे उरलेले टोक बाहेर लोंबत राहू देऊ नये. पाण्यातल्या मासेमारीच्या तुटक्या दोऱ्या आणि समुद्री वनस्पती त्यातच गुंततात. ते टोक आतल्या बाजूला, टाचेच्या दिशेने येईल असे ओवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

पट्टे नेहमी जोडीने बदलावेत. एकाच वेळी घेतलेले दोन पट्टे सारखेच ऊन आणि सारखेच मीठ सोसत आलेले असतात, म्हणून एक तुटला की दुसऱ्याचेही दिवस भरत आलेले असतात. शिवाय एका पायाला नवा कडक आणि दुसऱ्याला जुना सैल पट्टा असला की दोन्ही पायांचा फटका सारखा पडत नाही. त्यांतला न तुटलेला पट्टा वाकवून तपासल्यावर धडधाकट निघाला, तर आणीबाणीसाठी डब्यात ठेवावा, पण त्यावर आपल्या फिन्सचे नाव आणि मापे लिहिलेली चिठ्ठी बांधून. माझ्या वेळी त्या डब्यात अशी चिठ्ठी असती, तर मी तो पट्टा लावलाच नसता. साठवताना पट्टा ताणलेल्या अवस्थेत ठेवू नये आणि उन्हात वाळवू नये. रबराला तेलाऐवजी सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा, मात्र सिलिकॉनच्या पट्ट्याला तो देऊ नये, कारण त्याने सिलिकॉन फुगते. बसवलेला नवा पट्टा पहिल्यांदा तलावात किंवा उथळ पाण्यात, कडेला धरून जोरजोराने पाय मारून तपासावा आणि त्यानंतरच खोल पाण्यात न्यावा.

आधुनिक रबरी फिन्सचे पेटंट फ्रेंच नौदलातील माजी अधिकारी लुई द कॉर्ल्यू यांनी १९३३ मध्ये घेतले. पुढे अमेरिकेत ओवेन चर्चिल यांनी त्या बनवल्या आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलांच्या बुडी मारणाऱ्या जवानांनी त्या वापरल्या. तेव्हापासून पात्याचे आकार, त्यातल्या खाचा, प्लॅस्टिकच्या जाती यांवर पुष्कळ विचार झाला आहे. युरोपात उघड्या टाचेच्या फिन्ससाठी ईएन १६८०४ हे मानकही आहे. तरी आज दुकानात पट्ट्याच्या वेष्टनावर मिलिमीटरमधली लांबी आणि खुंटीचे माप शोधायला गेले तर ते क्वचितच सापडते. सापडते ते एक अक्षर. उत्पादकांनी खुंटीपासून खुंटीपर्यंतची न ताणलेली लांबी, स्प्रिंग असेल तर ती किती ताणणे अपेक्षित आहे, आणि टोकाच्या भोकाचा व्यास एवढे तीन आकडे छापले, तर ग्राहकाला घरी मोजून आलेल्या मापाशी ते ताडून पाहता येतील. त्यासाठी त्यांना नवे काही शोधून काढायचे नाही, कारण पट्टा बनवताना हे आकडे त्यांच्यापाशी असतातच. विक्रेत्यांनीही पट्टा मागायला आलेल्या ग्राहकाला आधी ‘बूट आणि फिन सोबत आणली आहे का’ असे विचारावे. आणि प्रशिक्षकांनी पहिल्या वर्गात मास्क धुण्याबरोबरच पट्टा उलटा वाकवून पाहायला शिकवावे, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आपली पुरवणी डायव्हिंगकडे नव्याने वळणारे अनेक तरुण वाचतात, हे मला ठाऊक आहे. साहित्यावर पुन्हा लेख छापण्याचा योग येईल तेव्हा त्यासोबत टाचेमागून फिरवलेल्या मोजपट्टीचे आणि खुंटीचे एक लहानसे रेखाचित्र द्यावे, अशी माझी विनंती आहे. बूट घातलेला पाय, कप्प्यात पूर्ण आत गेलेले पाऊल आणि दोन खुंट्यांमधले अंतर त्या चित्रात स्पष्ट दिसले, तर तेवढे पुरेल.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक